मावशीची कुटलेली गोळी

गणपतीच्या आधी मी दरवर्षी रोह्याजवळच्या वरसे गावातून पेणजवळ हमरापूरला मावशीकडे पळते. आई ओरडते, कॉलेज बुडतं, तरी पळतेच. मावशीच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये मूर्तींचा कारखाना आहे. अंगाचा रंग काका आणि कामाची माणसं स्प्रे गनने मारतात, पण डोळे फक्त मावशी आखते. आता रंग डब्यातून तयार येतात, तरी डोळ्यांचं काळं ती अजून स्वतः दगडी खलात खलते. तिच्या सासऱ्यांनी शिकवलंय तिला, रंग जितका बारीक तितकी रेघ गुळगुळीत. आणि दोन्ही डोळे एका बैठकीत काढायचे, मधे उठायचं नाही. उठलं की हात बदलतो म्हणे, आणि खरंच बदलतो, मी बघितलंय!

तर दोन वर्षांपूर्वी मी गेले आणि बघते तर काय, शेडमध्ये एका डोळ्याचे गणपती रांगेने बसलेले. मावशी एक डोळा काढायची, ब्रश ठेवायची आणि पोट धरून मागच्या दाराने पळायची. काकांना काय, थट्टाच सुचणार.

"बघ गो, बाप्पा डोळा मारतोय तुला!"

मावशी परत आली ती उतरलेल्या चेहऱ्यानेच. "हसा. त्या डॉक्टरची गोळी खाल्ल्यापासून माझी ही दशा झाली. तोंडाला पण कशी लोखंड चाटल्यासारखी चव येते."

तिला शुगर निघाली होती. निघाली कशी, तर डोळे आखताना एका रेघेच्या दोन दिसायला लागल्या म्हणून. गोळी सुरू झाल्यावर नजर साफ झाली, पण पोट बिघडलं. मी तिथेच होते तेव्हा तिने जाहीर केलं, "गणपती जाऊ देत, मग खाईन गोळ्या. उद्यापासून बंद."

"आणि परत दोन रेघा दिसल्या तर?"

"तर तुझे काका बाहेरचा माणूस आणतीलच डोळे आखायला. फोन लावून झाला असेल."

काकांनी मोबाईल खिशात सरकवला. म्हणजे लावून झाला होता. मावशी ब्रश धूत बसली. डोळ्यांचं काम गेलं तर कारखान्यात मावशीचं काय उरणार, स्वैपाक?

त्याच संध्याकाळी बाबा धाटावच्या कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून बाईकवरून आले, मी विसरलेले कपडे घेऊन. जेवले. बाबांनाही शुगर आहे. जेवण झाल्यावर त्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, मावशीने फळीवरून काढलं, दोन्ही पाकिटं सेम! मी म्हटलं, अरे, गोळी एकच आणि बाबांचं पोट ठणठणीत कसं? तेवढ्यात मावशीने छोटा खल पुढे ओढला, गोळी आत टाकली आणि खडखड कुटायला लागली.

बाबा ओरडलेच. "अगो ताई, हे काय करतेस?"

"काय म्हणजे? ही एवढी मोठी धोंड, घशात अडकते. बारीक पूड करून पाण्यातून घेते. बघा, कशी मैद्यासारखी झाली. आणि रंगाचा खल वेगळा हाय हां भावोजी, एवढी अक्कल हाय मला."

"ही कुटायची नसते! मला रोह्याच्या मेडिकलवाल्याने पहिल्याच दिवशी बजावलंय. ही पोटात हळूहळू विरघळायला बनवलेली. तू कुटलीस की सगळी एकदम सुटते. आमच्या तिन्ही शिफ्टची माणसं एकाच बसमध्ये कोंबलीस तर बसचं काय होईल?"

काका म्हणाले, "तेच होतंय रोज मागच्या दारी." मावशीने लाटणं उचललं.

पण कुटलेली पूड तिने खाल्ली नाही. सकाळी काकांच्या स्कूटरवर दोघं पेणला डॉक्टरांकडे गेली. परत आल्यावर मावशीने मला सगळं करून दाखवलं, डॉक्टरांचा चष्मासुद्धा. डॉक्टर म्हणाले, "कुटून खाता ते मला सांगितलं का नाहीत?" आणि ही म्हणाली, "तुम्ही कुठं विचारलंत?" मग डॉक्टर हसले म्हणे. त्यांनी तीच गोळी पण कमी ताकदीची, आकाराने लहान दिली. जेवताना मधेच घ्यायची, अख्खी, तोडायची नाही, चावायची नाही. थोडे दिवस पोट गुरगुरेल, नाहीच थांबलं तर या, पण मनाने बंद करायची नाही.

लहान असली तरी मावशीच्या घशाखाली ती जाईना. पाणी पिऊन पिऊन पोट तुडुंब, गोळी जिभेवरच! मला एकदम आठवलं, माशाचा काटा अडकला की आपण काय करतो? कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळतो. मी म्हटलं, मावशी, गोळी भातात घाल. तिने घातली, डोळे मिटले, गिळली, आणि आ करून दाखवला लहान पोरासारखा.

"गेली गो!"

पहिले दोन-तीन दिवस पोट गुरगुरलंच. नंतर मात्र थांबलं. तोंडाची लोखंडी चव तेवढी राहिली, पण ती म्हणे, चवीने काय रेघ वाकडी होत नाय.

मग एका सकाळी मी उठून शेडमध्ये गेले तर मावशी आधीच बसलेली. जुने एकटे डोळे तिने ओल्या फडक्याने पुसून टाकले होते आणि नव्याने जोडीने काढत होती. डावा, उजवा, पुढची मूर्ती. डावा, उजवा. मी चहा ठेवला तो तसाच गार झाला. काका दारात उभे राहून कुणाला तरी फोनवर सांगत होते, "नाय, आता नको येऊस. आमचं माणूस हाय डोळ्याला."

मावशीने मान वर केली नाही. "बोलत काय उभे राहिलात? पुढचे गणपती कोण आणून देणार?"