समोरचा ओटा

वैशाखातल्या दुपारी आमच्या खानदेशात कुत्रीसुद्धा गटारीच्या ओलीत पोट टेकून पडतात. अशा उन्हात काल खिडकीतून पाहिलं, तर समोरच्या सिंधूमावशी आपल्या सावलीतल्या ओट्यावर नव्हत्या. त्यांची खाट गल्लीच्या टोकाला, कडुनिंबाखाली होती. सावली सरकेल तशी त्या खाट ओढत होत्या. ओट्यावर मात्र कुरडया वाळत घातलेल्या.

मी खाली उतरले. ओट्याजवळ जाताच तोंडावर भट्टीसारखी हवा आली. वर पाहिलं, तर आमच्या नव्या एसीचं बाहेरचं यंत्र नेमकं ओट्याकडे तोंड करून घरघरत होतं.

"मावशी, सांगायचं ना!" कडुनिंबाखाली जाऊन मी म्हटलं.

"त्यात काय सांगायचं, ताई? कुरडया पाहा कशा झटपट वाळून राहिल्या," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

त्या हसण्यात जरा खोच असती तर मला बरं वाटलं असतं. उन्हाळा आमच्याकडे सगळ्यांना सारखाच भाजतो, असं मी पुण्याच्या नातेवाइकांना मोठ्या ऐटीत सांगते. आणि इथे माझ्या वाटणीचं ऊन उचलून मी शेजारणीच्या ओट्यावर नेऊन ओतलं होतं.

घरी येऊन एसी बंद केला, खिडकी उघडली. थोड्याच वेळात घामानं जीव नकोसा झाला आणि हात रिमोटकडे गेला. एसी लावायचा तर खिडकी बंद करावीच लागते. मी पडदाही ओढून घेतला.