दोर कोणाच्या हातात
प्रोजेक्टरच्या दिव्यावर धूळ तापली की एक जळका वास सुटतो, आणि मला तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावची शाळा आठवते. आम्ही बौद्ध होऊन दोनेक वर्षं झाली होती. सरकारी गाडी माहितीपट घेऊन आली तेव्हा गुरुजी मुद्दाम आमच्या वस्तीत येऊन म्हणाले, विचार करायला लावणारा आहे, बघाच. माय म्हणाली, “एवढे बलावून राह्यले, तं कायतरी काम असन त्यायचं.” तरी मला घेऊन गेली. भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. पडदा म्हणून भिंतीवर टांगलेल्या चादरीवर एक आदर्श गाव दिसलं. तिथं सगळ्या जातींच्या बाया एकाच विहिरीवर हसत पाणी भरत होत्या. टाळ्या पडल्या. गाडीबरोबर आलेल्या अकोल्याच्या साहेबांनी विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का. माय उठली. “तो विहिरीचा तुकडा पुन्हा दाखवा बरं, सायेब.” साहेबांनी खुशीनं रीळ मागं फिरवलं. माय थेट चादरीपाशी गेली आणि कडेच्या बाईवर बोट ठेवलं. “हिच्या हातात दोर काहून नाई? दुसरीच हिच्या घागरीत वरून पाणी वतून राह्यली.” साहेब म्हणाले, “पण पाणी मिळालं ना तिला?” “तसं तं आमाले बी भेटते,” माय म्हणाली. गुरुजी उठून घोंगड्या काढायला लागले. आता मीच तरुण मुलांना माहितीपट सुचवते, त्यांवर चर्चा घेते. पण कितीही नावाजलेला असो, आधी मी तो दोनदा पाहते, आणि दुसऱ्या खेपेला फक्त हात पाहते.