पहिलं दळण

मुखेडहून लातूरला जायचं म्हटलं की आमच्या घरी आधी डबा भरला जायचा, मग माणसं तयार व्हायची. डबा स्टीलचा, गोल, घट्ट झाकणाचा, आणि तो फक्त लेकीचा. ती सात वर्षांची असताना तिचं पोट फुगायला लागलं, हातापायांच्या काड्या झाल्या, आणि लातूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हिला गहू चालत नाही. थोडा नव्हे, कणभरसुद्धा नाही, आणि जन्मभर नाही. गहू पोटात गेला की आतडं झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, वाढ खुंटते. दर चार महिन्यांनी रक्त तपासायला घेऊन या, म्हणाले.

मी रडत बसले नाही. माझा स्वभावच तसा, संकट आलं की मी आधी कपाटं आवरायला घेते. लेकीचा तवा वेगळा केला, परात वेगळी, चमचे वेगळे. दुकानातल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं हे कळल्यावर हिंगाची डबी उचलून फेकून दिली आणि गल्लीतल्या चार बायकांना ते मोठ्या तोऱ्यात सांगितलं. देवळातला शिरा बंद, बारशाची जेवणं बंद, शाळेतल्या वाढदिवसाचा केक बंद. कुणी म्हणालं, एक घास खाल्ल्यानं काय होतंय, की मी तिथल्या तिथे त्याचं तोंड बंद करायची.

आणि प्रवासाचा डबा. धपाट्यांच्या पिठात आमच्याकडे सगळ्याच जणी मूठभर गव्हाचं पीठ घालतात, म्हणजे ते थापताना फुटत नाहीत. मी नुसतं ज्वारीचं आणि डाळीचं पीठ कढत पाण्यात मळायची. लसूण, हिरवी मिरची, तीळ, ओवा. ओल्या फडक्यावर थापताना कडा फुटायच्या, त्या एकेक बोटानं मिटवत बसायची. सोबत शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू आणि लाह्यांचा चिवडा. उदगीरला आम्ही गाडी थांबवली की टपरीभोवतीचे लोक वडापाव खायचे, पोरं बिस्किटांचे पुडे फोडायची, आणि माझी लेक मांडीवर डबा धरून खिडकीतून बघत राहायची. हट्ट नाही, रडणं नाही. मला अभिमान वाटायचा. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा माझाच जास्त वाटायचा.

पीठ मात्र गिरणीचं. गिरणीत दिवसभर गहू दळला जातो, म्हणून मी गिरणीवाल्याला गाठून सांगितलं, सकाळचं पहिलं दळण माझं. म्हातारा भला माणूस. म्हणाला, "पोरीचं हाय, अक्का. मी न्हाई म्हणीन का?" मी येणार असेन त्याच्या आदल्या संध्याकाळी तो गिरणीची दगडं उघडून ब्रशनं झाडायचा. पीठ पडायची कापडी सोंडसुद्धा त्यानं माझ्यासाठी वेगळी शिवून ठेवली होती. सकाळी मी डबे घेऊन दाराबाहेर उभी राहायची, आत मोटार सुरू व्हायची, आणि मग त्याची हाक यायची, "या अक्का." कुणी माझ्या आधी येऊन बसलं असेल तर तो त्याला थांबवायचा. मीही पहिला नंबर कधी सोडला नाही. त्यासाठी दोनदा भांडले.

पहिल्या खेपेला रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, वेळ लागतो. दुसऱ्या खेपेला त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला. तिसऱ्या खेपेला त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हिच्या पोटात कुठून तरी गहू जातोय. घरी नीट सांभाळता ना?"

मी सगळं म्हणून दाखवलं. तवा, परात, गिरणीतलं पहिलं दळण, हिंगसुद्धा. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मग ही बाहेर खात असेल. लहान मुलं लपवून खातात. विचारा तिला." लेक माझ्या शेजारीच बसली होती. आठ वर्षांची, दिसायला पाचची. ती पायांतल्या चपला बघत होती, आणि मला वाटलं, हिचं तोंडच सांगतंय.

घरी पोचेपर्यंत मला धीर निघाला नाही. शिरूर अनंतपाळच्या अलीकडे रस्त्याकडेला एक मोठं कडुलिंबाचं झाड आहे, तिथे आम्ही येता-जाता डबा खायला थांबायचो. लेकीच्या बाबांनी गाडी सावलीत लावली. मी डबा उघडायच्या आधीच विचारलं, "काय खाल्लंस?"

"काहीच न्हाई खाल्लं, आई."

"खोटं बोलू नको."

आम्ही लिंगायत. तिनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. "लिंगाची शपथ. न्हाई खाल्लं मी."

मी तिला मारलं. शपथेवर खोटं बोलते म्हणून आणखी एक मारली. तिचे बाबा गाडीतून उतरले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना आवडलं नव्हतं, पण डॉक्टर म्हणाले ते त्यांनीही ऐकलं होतं. मी परत परत तेच विचारत राहिले. वर्षभराचे फुटलेल्या कडांचे धपाटे, भांडणं, तोडलेली माणसं, सगळं माझ्या तोंडून बाहेर पडत होतं. तुझ्यासाठी मी काय काय केलं, असं मी त्या एवढ्याशा पोरीला ऐकवलं.

शेवटी ती म्हणाली, "खाल्लं."

"काय?"

"बिस्किट. शाळेत."

"किती?"

तिनं जरा विचार केला. "दोन."

कुणी दिलं विचारल्यावर तिनं तिच्या बाकावरच्या मैत्रिणीचं नाव सांगितलं. तिला ती एकच मैत्रीण होती. मग माझा राग उतरला, मलाच रडू आलं, मी तिला जवळ घेतलं. डबा उघडला, धपाट्याचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि माझ्या हातानं तिला भरवला. "हे खायचं," म्हणाले. "आईनं केलेलं खायचं, म्हणजे बरी होशील." तिनं दोन धपाटे खाल्ले, एकदाही नको म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. त्या मैत्रिणीला तिच्या आईदेखत बोलले. ती पोर मी न्हाई दिलं, न्हाई दिलं म्हणून रडत होती, तर मी तिलाही खोटारडी ठरवलं आणि दोघींचे बाक वेगळे करून घेतले. शिरूर अनंतपाळला माझी नणंद राहते. तीही लाडानं चोरून देत असेल, असं माझ्या डोक्यानं घेतलं, आणि तिच्या घरी जाणं बंद केलं.

यानंतर चार महिन्यांनी पुन्हा लातूरची तारीख आली. आदल्या दिवशी लाईट लवकर जाणार होती, म्हणून मी रोजच्यापेक्षा आधीच गिरणीवर पोचले. दार उघडं होतं. म्हाताऱ्यानं मोटार सुरू केली, देवाच्या तसबिरीखालच्या तांब्यातून मूठभर धान्य घेतलं, कपाळाला लावलं आणि गिरणीच्या तोंडात सोडलं. मग मला हाक मारायला वळला, तर मी दारातच.

"हे काय करायलात तुम्ही?"

"पहिली मूठ देवाची असती की, अक्का. रिकामी गिरणी फिरवू न्हाई. बापाच्या वेळेपासून चालत आलंय."

"कशाची मूठ?"

"गव्हाची. लक्ष्मी हाय ती."

"रोज टाकता?"

"रोज." माझा चेहरा बघून त्याला वाटलं असावं, मला बरं वाटेल असं काहीतरी सांगावं. "तुमचं दळण असलं की पोरीचं नाव घेऊन टाकतो. लवकर बरी होऊ दे म्हणतो देवाला."

सगळ्या गावावर ओरडणारी मी, त्याच्यावर मला ओरडता आलं नाही. त्यानं काही लपवलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. गावात दुसऱ्या कुणाच्याही पिठात ती मूठ पडली असती तर काही बिघडलं नसतं, आणि ती माझ्याच डब्यात पडावी म्हणून मी सव्वा वर्ष पहाटे उठून पहिला नंबर धरत होते. मी त्याला नीट समजावून सांगितलं. तो गिरणी बंद करून खाली बसला. मी ज्वारी तशीच परत आणली.

घरी आल्यावर लेकीच्या बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पण तिनं तर कबूल केलं होतं." मी म्हणाले, "मी करवलं." रक्तात काय निघणार ते कळलंच होतं, म्हणून त्या खेपेला लातूरला गेलो नाही. सासरचं जुनं जातं परसात उलटं पडलं होतं, ते पाथरवटाकडून टाकी लावून खरखरीत करून घेतलं, आणि तेव्हापासून तिचं पीठ मी घरी दळते. हाताला घट्टे पडलेत. पडू देत.

लेकीला सांगायला मला दोन दिवस लागले. तिच्यासमोर बसून सांगितलं की चूक पिठात होती, तू खरं बोलत होतीस, आईनं तुला उगीच मारलं. मला वाटलं ती रडेल, चिडेल. तिनं फक्त विचारलं, "मग मी परत तिच्याजवळ बसू का?" मी बस म्हणाले. पण त्या मैत्रिणीला आता दुसरी मैत्रीण मिळाली होती.

चार महिन्यांनी आम्ही लातूरला गेलो. रिपोर्ट पहिल्यांदाच चांगला आला. डॉक्टर खूश झाले, लेकीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास. बाहेरचं खाणं बंद केलंस ना?"

मी बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण लेकीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्यांना म्हणाली, "हो. आता न्हाई खात."

डॉक्टरांनी ते फाईलमध्ये लिहिलं. मी ते लिहू दिलं.

लिंबाखाली गाडी थांबल्यावर मी डबा उघडला आणि तिला विचारलं, "असं का सांगितलंस गं?"

ती धपाट्याची कड मोडत होती. म्हणाली, "तुला बोलले असते ना ते."