मामांचा झोपणारा रेडिओ

उभ्या नागपूर जिल्ह्यात विजेवर आमच्या मामांइतका अविश्वास असलेला माणूस झाला नाही, आणि मामा नोकरीला होते कोराडीच्या वीजकेंद्रात. दिवसभर वीज तयार करायची आणि घरी आल्यावर तिच्याकडे पाठ फिरवायची, असा त्यांचा खाक्या. त्यामुळे त्यांनी रेडिओ घेतला तोही सेलवर चालणारा. "सेल मुठीत धरता येते गा," ते मला समजावत, "वीज कशी धरशीन?"

मात्र मामा रेडिओ कधी बंद करत नसत, ते त्याला 'झोपवत'. काटा जिथे असे तिथे काचेवर मामींच्या करंड्यातल्या कुंकवाचा ठिपका लावलेला होता. रेडिओ जिथे झोपला तिथूनच उठला पाहिजे, इकडेतिकडे शोधण्यात सेल खर्ची पडायला नकोत. ठळक बातम्या झाल्या की झोप. उरलेल्या बातम्या मामा स्वतः सांगत, आणि त्या जास्त सविस्तर असत. क्रिकेटच्या सामन्यात दर षटकानंतर रेडिओला डुलकी मिळे. एकदा ती डुलकी लांबली आणि तेवढ्यात आपला चांगला जमलेला फलंदाज बाद झाला. मामांनी ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही. "काहून आउट? आपल्या रेडिओवर तर खेळून राहिला होता!" थकलेले सेल ते मामींच्या कुरड्यांशेजारी सुपात उन्हाला ठेवत. नागपूरचं ऊन मेलेल्यालाही उठवतं, असं ते म्हणत. जिवंत माणसांचं काय होतं, याबद्दल ते बोलत नसत.

मामांची एकुलती मुलगी सुमन लग्न होऊन बिलासपूरला गेली आणि पहिल्याच भुलाबाईला, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याला, तिला माहेरी येता आलं नाही, सासरी आजारपण निघालं. तेवढ्यात कळलं, की लग्नाआधी तिने रेडिओसाठी म्हटलेली भुलाबाईची गाणी येत्या रविवारी दुपारी लागणार आहेत. त्यानंतर मामांनी रेडिओला जागंच केलं नाही. बातम्या गेल्या, सामना गेला. नवे सेल आणून देतो म्हटलं तर म्हणाले, "नव्याचा काय भरोसा? हे घरचे हायत." सेल रोज उन्हात जात होते आणि मामा राखणीला बसत होते.

रविवारी मामांनी रेडिओ उठवला. आवाज बारीक होता, पण सुमनचाच होता. मामा कान लावून बसले, मामींनी पदर तोंडाशी धरला. गाणी संपली आणि निवेदक संत्र्यांचे भाव सांगू लागला. इतक्या वर्षांच्या सवयीने मामींचाच हात बटणाकडे गेला.

"झोपवा ना आता. सेल जळून राहिले."

मामांनी त्यांचा हात धरला. "राहू दे वं. पोरगी आत्ताच तर गेली. लगेच दार लावते का कोणी?"

संत्र्यांचे भाव झाले, मग कापसाचे झाले. आवाज हळूहळू विरत गेला, तरी मामा बटणाला शिवले नाहीत, आणि चहाचं पाहायलाही कोणी उठलं नाही.