सशांची कातरणी

ऐकणारच असाल तर आधी चहा संपवा. तोंडात घोट असताना हसलात तर ठसका लागेल, आणि माझ्या मूर्खपणाचे डाग तुमच्या शर्टावर पडतील. मी आयुष्यात धंदा एकदाच केला. एकच हिवाळा. पण त्या एका हिवाळ्यात मी जे केलं ते सोलापूर जिल्ह्यात माझ्याआधी कुणी केलं नव्हतं, आणि पुढेही कुणी करेल असं वाटत नाही.

परवा बायकोबरोबर कपड्यांच्या दुकानात गेलो होतो. दुकानदारानं एक जाकीट काढलं, त्याच्या टोपीला सगळीकडून मऊमऊ फर. सोलापुरात! आमच्याकडे थंडी पडली म्हणजे काय, तर पंखा पाचवरून दोनवर येतो. बायको म्हणाली, हात तर लावून बघा. मी हात खिशातच ठेवला. त्या मऊपणानं मला एकदा गंडवलंय.

तर आमचं गाव मंद्रूपच्या अलीकडे. घरची मेंढरं. माझे वडील, अण्णा, पहाटे खांद्यावर घोंगडं टाकून निघायचे ते दिवस बुडताना परत यायचे. मी घरातला पहिला बी.कॉम. निकाल लागला तेव्हा अण्णांनी गावात पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातात काठी दिली. म्हणाले, आता मेंढरं चांगली मोजशील.

मला मेंढरांची लाज नव्हती हो. लाज होती ती विजापूर रोडची. आमचा कळप रोज तो रस्ता ओलांडायचा. त्याच रस्त्यानं आमच्या कॉलेजची पोरं-पोरी एसटीनं जायची. खिडकीतून कुणी बघितलं आणि म्हणालं, हा बघा आपला अकाउंट्सवाला, तर? बस, एवढ्यासाठी माझी धंद्याची धडपड.

आणि धंदा सापडला अकलूजच्या कृषी प्रदर्शनात. तिथं टाय लावलेले एक साहेब माइकवरून सांगत होते, ससे पाळा. थंडीत सशाची फर दाट होते. परदेशात मागणीच मागणी. त्यांनी एक फरचा तुकडा लोकांत फिरवला. मागून छान निळं रेशमी अस्तर शिवलेलं. मी हात फिरवला आणि मला घामच फुटला. इतकं मऊ काही मी जन्मात धरलं नव्हतं.

आता माझं डोकं कसं चाललं ते नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं. मी धनगराचा पोरगा. जनावराच्या अंगावर केस असले की ते कातरायचे, पुन्हा वाढले की पुन्हा कातरायचे, हे मला बोलायला लागायच्या आधीपासून ठाऊक. वर जिल्हा सोलापूर. मऊ कापड दिसलं की ते कुणीतरी मागावर विणलं असणार, दुसरा विचारच डोक्यात येत नाही. तेव्हा फर म्हणजे सशाची लोकर, बारीक कातून विणलेली, हे मला इतकं उघड होतं की मी विचारलंसुद्धा नाही. साहेबांनी एका सोलापुरी व्यापाऱ्याचा नंबर दिला. हे चाचा माल घेतात, म्हणाले. कसला माल घेतात, तेही मी विचारलं नाही.

घरी येऊन अण्णांना पटवायला आठवडा गेला. त्यांना एकच शंका होती, ससा केस देऊन देऊन किती देणार. शेवटी त्यांनी कळपातला एक मेंढा विकला, पैसे माझ्या हातात ठेवले आणि अटही घातली.

"ह्यो हिवाळा तुजा. धंदा उभा ऱ्हायला तर मी मदी पडनार न्हाय. पर संक्रांतीपातुर न्हाय जमलं, तर गुमान काठी घ्यायची अन् माज्या संगं यायचं. कबूल हाय?"

"कबूल की," मी म्हणालो. छाती एवढी पुढं काढून.

ससे आले. पांढरे, राखाडी, चांगले डझनभर. गोठ्यातली एक बाजू मी जाळी मारून बंद केली आणि रात्री निवांत झोपलो. ससा जमीन उकरतो ही बातमी मला सकाळी कळली. गोठ्याच्या कडेला भोक, आणि भोकापलीकडे आमची शाळू ज्वारी, डोक्याइतकी उंच, हुरड्यावर आलेली. सगळं भांडवल त्यात पसार.

मी कपाळाला हात लावून बसलो. रात्री मेंढरांना अडवायला भोवती जाळं लावतो ना आम्ही, वाघर म्हणतात तिला, ती अण्णांनी काढली आणि रानाच्या एका अंगाला खुंट्या ठोकून ताणली. मग मी आणि आई दुसऱ्या अंगानं ज्वारीची ताटं हलवत, थाळी वाजवत आत शिरलो.

काय सांगू, ते दिवस आठवले की अजून नाकात कोवळ्या हुरड्याचा वास येतो. सकाळचं धुकं, पायाला दव, थाळीचा दणदणाट, आणि पलीकडे वाघरीपाशी दबा धरून बसलेले अण्णा. एखादा ससा सापडला की ते लहान पोरासारखे हात वर करायचे. एकदा एक रानातला ससा अडकला. अण्णांनी त्याला कान न ओढता अलगद सोडवलं, उलटसुलट करून बघितलं, म्हणाले, ह्यो आपला न्हाय, आणि सोडून दिला. संध्याकाळी आम्ही तिघं बांधावर आगटी करून हुरडा खायचो आणि सशांना शिव्या द्यायचो. अण्णांशी इतकं मी त्याआधी कधी बोललोच नव्हतो. त्यांचे पाय गुडघ्यापासून दुखतात, हेसुद्धा मला त्या आगटीपाशीच कळलं.

दोन कमी, बाकी सगळे परत मिळाले. आता पुन्हा पळायच्या आत माल काढायचा असं मी ठरवलं. मेंढरांची मोठी कातर घेतली. अण्णांनी ससे धरले, मी कातरले. तुम्ही कधी ससा कातरलाय? कातरू नका. हातभर लांब कातर, वीतभर ससा, आणि कातडं असं पातळ की जीव मुठीत. मेंढरू निदान बें करतं. ससा नुसता बघतो. संपल्यावर एकेक ससा असा दिसायला लागला की आईनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. आणि केस किती निघाले? एक उशी भरेल, तीही लेकराची.

तरी मी ऐटीत चाचांना फोन लावला. म्हणालो, माल तयार आहे. चाचा खूश. ते भराभर सूचना देत गेले आणि मी मान हलवत गेलो. ताजा आहे तोवर खडेमीठ चोळ. उन्हात टाकू नको, कडक होईल, सावलीत वाळव. आतली बाजू बाहेर कर. चांगला ताणून बांध. मी सगळं पाठ केलं. अर्थ एकाचाही लागला नाही, पण परदेशी धंदा म्हटल्यावर काही वेगळ्या पद्धती असणारच, नाही का?

तर मी सशाच्या केसांना मीठ चोळलं. हो, हसा. खडेमीठ घेऊन दोन्ही हातांनी चोळलं. मग ते सावलीत, म्हणजे सोप्यात पसरलं. वाऱ्याची एक झुळूक आली आणि निम्मा धंदा आईच्या भाकरीच्या पिठात गेला. उरलेला पोत्यात भरला. आतली बाजू बाहेर म्हणजे काय, यावर रात्रभर विचार केला आणि सकाळी पोतं उलटं करून पुन्हा भरलं. मग ते बाजेला चारी बाजूंनी दोरीनं ताणून बांधलं. अण्णा दारात उभे राहून बघत होते. लोकरीला मीठ कशाला, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, अण्णा, हे बोटीनं जाणार आहे. त्यांनी मान डोलावली. शिकलेल्या पोराचा बाप होते ना ते.

ठरल्या दिवशी पोतं घेऊन सोलापूरला गेलो. चाचांचं गोदाम शोधता शोधता एक वास सुरू झाला. जवळ गेलो तसा वाढला. मनात म्हटलं, बिचारे चाचा, एवढा लोकरीचा व्यापारी आणि शेजार असा घाणेरडा. आत शिरलो तर सगळीकडे बकऱ्यांच्या कातड्यांच्या थप्प्या. मध्ये खुर्चीवर पांढऱ्या दाढीचे चाचा. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, आणि पोत्यात हात घातला. मूठभर केस काढले. पुन्हा हात घातला, पार तळापर्यंत. मग पोतं उपडं केलं, आत डोकावले.

"बेटा, ये तो खाली बाल है. चमडा किदर है?"

"कसला चमडा?" मी विचारलं.

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग थप्प्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मग अगदी हळू आवाजात, लहान पोराला सांगावं तसं, त्यांनी सांगितलं. फर म्हणजे कातडं. केसांसकट. ससा मारायचा, सोलायचा, आतल्या बाजूला मीठ चोळायचं. केस कातरून मागावर विणत नाहीत. त्यांनी एक चिटुकला केस बोटावर धरून फुंकला आणि विचारलं, ह्याचा धागा कोण काढनार, तू? आणि मग जे हसायला लागले! नोकराला हाक मारली, शेजारच्या दुकानदाराला हाक मारली. मी मीठ चोळल्याचं सांगितलं, तेव्हा तर त्यांना खुर्ची सोडून उभं राहावं लागलं. डोळे पुसून म्हणाले, अजून काही बिघडलं नाही. केस महिना-दोन महिन्यांत येतील. मग कातडी घेऊन ये, मी सगळी घेतो.

म्हणजे धंदा जिवंत होता! एसटीत बसून मी मनाला घट्ट केलं. कळपातलं बकरं कापतातच की आपल्याकडे. ससा काय वेगळा? विजापूर रोडवर काठी घेऊन उभं राहण्यापेक्षा हे बरं.

घरी पोचलो, अण्णांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ते चिडतील असं वाटलं, पण त्यांनी आतून सुरी आणली आणि माझ्यासमोर ठेवली.

"केस यायला टाइम हाय. पर हातानं जमतंय का, त्ये एकावर बघ. धंदा तुजा हाय. मी करनार न्हाय."

मी सुरी घेतली. गोठ्यात गेलो. आणि तिथंच थांबलो.

कातरलेले ससे थंडीनं काकडत होते म्हणून आईनं त्यांना कपडे केले होते. एकाला उशीची खोळ, एकाला अण्णांच्या जुन्या मुंडाशाची पट्टी. आणि बाकीच्यांना स्वेटर. खरा, विणलेला, मरून रंगाचा स्वेटर. बाह्यांचे, छातीचे तुकडे करून गळ्यात घातलेले, पुढचे पाय भोकातून बाहेर. मी सगळ्यात जवळचा ससा उचलला. त्याच्या पोटावर पिवळ्या दोऱ्यानं शाळेचं चिन्ह होतं. माझ्या शाळेचं! दहावीपर्यंत मी जो स्वेटर घातला, कॉलेजातही पहाटेच्या एसटीला घातला, तो माझा एकुलता एक स्वेटर. ससा माझ्याकडे बघत होता, तसाच, काही न बोलता. आता तुम्हीच सांगा, स्वतःच्या शाळेचा गणवेश घातलेल्या जीवावर सुरी कशी चालवायची?

मी ससा खाली ठेवला, बाहेर आलो, सुरी अण्णांना परत दिली आणि कोपऱ्यातली काठी उचलली. संक्रांतीला अजून वेळ होता. अण्णांनी फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला आजही जाणवतो, अण्णा जाऊन इतकी वर्षं झाली तरी. मेंढरंही आता नाहीत आमच्याकडे. मी इथं एसीच्या ऑफिसात बसतो आणि थंडी वाजली की मला त्या गोठ्याचीच आठवण येते. पुढं जे तीन हिवाळे त्यांच्याबरोबर मेंढरांमागं काढले, ते मला कुणी परत देणार असेल तर मी ही नोकरी उद्या सोडतो.

पण ती पहिली पहाट विसरणं शक्य नाही. असला गारठा! मी आईला विचारलं, अंगात घालायला काही आहे का. आई म्हणाली, तुझा स्वेटर होता, पण तो ससे घालून बसलेत. तसाच नुसत्या शर्टावर, दात वाजवत, मेंढरांमागं विजापूर रोडला आलो. एसटीच्या थांब्यावर गावचे पाटील उभे होते, आणि त्यांच्यामागं आमच्या कॉलेजची सगळी पलटण. पाटलांनी मोठ्यानं अण्णांना विचारलं, पोराच्या सशाच्या धंद्याचं कुठवर आलं?

अण्णांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग म्हणाले, "लई झ्याक चाललाय की. ससे घरात स्वेटर घालून बसून खात्यात, अन् मालक उघडा राबतोय."