इंग्लंडचा कोळसा आणि आबांची मशीन

कराडच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर एक धडा येतो: कारखानदारी सगळ्यात आधी इंग्लंडातच का सुरू झाली? परीक्षेला हमखास येणारा प्रश्न, त्यामुळे एरवी मोबाइलात मान घालून बसणारी मुलंही त्या दिवशी वही उघडतात. मी फळ्यावर कारणं लिहिते. एक अभ्यासक म्हणतो, तिथं मजुरी महाग आणि कोळसा स्वस्त, म्हणून माणसाऐवजी यंत्राला जुंपणं परवडलं. दुसरा म्हणतो, कसला कोळसा, वसाहतींतून कापूस आला आणि तयार कापड खपवायला आपल्यासारखी गिऱ्हाइकं मिळाली. तिसऱ्याच्या मते कायदा नीट होता, शोध लावणाऱ्याला त्याचं फळ मिळायची खात्री होती. चौथ्याला वाटतं, तिथले लोहार-सुतार-घड्याळजी डोकेबाज होते आणि शिकलेली माणसं त्यांच्याशी बोलत होती. या चौघांचं आपसात जमत नाही. मग कुणीतरी विचारतंच, "मॅडम, खरं कोणतं?" मी सांगते, "चारही लिहा, मार्क मिळतील."

पहिलं कारण समजावताना मी एक उदाहरण देते. एका गावात एका माणसानं हळद मोडायची मशीन तयार केली. पण बायांचे हात इतके स्वस्त होते की मशीन तशीच पडून राहिली आणि शेवटी त्यानं तिच्यात कोंबड्या कोंडल्या. इथं वर्ग हसतो. मीही थोडी हसते. तो माणूस म्हणजे माझे वडील, हे मी कधी सांगितलं नाही.

आमचं गाव कुंडलच्या अलीकडे. ऊस सगळेच लावतात, पण थोडी हळद प्रत्येकाच्या रानात असते. हळद खणून काढली की मातीनं माखलेला गड्डा वर येतो आणि त्याला बोटांसारखी हळकुंडं चिकटलेली असतात. ती हातानं मोडून वेगळी करायची, मग शिजवायची, मग वाळवायची. मोडायचं काम बायांचं. तेव्हा ते पैऱ्यानं चालायचं. म्हणजे आज गल्लीतल्या साऱ्या जणी आमच्या रानात, उद्या आई त्यांच्या रानात. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, पण अंगावरचा दिवस फेडल्याशिवाय सुटका नाही.

आबा फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. पेन्शन घेऊन घरी आले त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा सबंध हंगाम आईचे हात पाहिले. नखांच्या कडा फाटलेल्या, बोटांना चिरा पडलेल्या. भाकरी थापताना ती ओठ दाबून धरायची. आबा जेवता जेवता म्हणाले, "ह्ये हातानं करायचं काम हाय व्हय?" आई म्हणाली, "मग काय पायानं करू?" आम्ही हसलो, पण आबा हसले नाहीत.

पुढचा सगळा हिवाळा ते घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. सळ्यांचा एक मोठा पिंजरा केला, आतून टायरची ट्यूब कापून लावली, जुन्या पंपाची मोटर जोडली. मी नववीत होते. शाळेतून आले की दप्तर टाकून मी तिथंच बसायची. आबा शीळ घालत वेल्डिंग करायचे. माझे वडील शीळ घालतात हे मला त्या हिवाळ्यातच कळलं.

मशीन चालली. गड्डे आत टाकले, पिंजरा गरगर फिरला, माती खाली गळाली आणि हळकुंडं सुटी होऊन बाहेर आली. आबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि शेजारपाजारच्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी आईनं एक पाटी आणून त्यांच्यापुढं ठेवली. वरची हळकुंडं खरवडलेली होती, पिवळं धमक आतलं दिसत होतं. "आवं, साल निघतीया," ती म्हणाली. "शिजवताना पानी शिरंल. सांगलीचा व्यापारी हात तरी लावंल का?" आबांनी चष्मा लावून एकेक पाहिलं. मऊ रबर लावून पुन्हा मशीन फिरवली. पुन्हा आईच्या पाटीत तीच खरवडलेली हळकुंडं. तिसऱ्या वेळी त्यांनी मोटरचं बटन बंद केलं आणि म्हणाले, "डिझाइनच चुकलं." पुढच्या आठवड्यात पिंजऱ्यात कोंबड्या आल्या.

त्यानंतर आबांनी काहीही बनवलं नाही. शेजाऱ्याचा पंप बिघडला आणि तो बोलवायला आला तर म्हणायचे, "पलूसास्नं मेकॅनिक आण गड्या. माझं डोकं आता चालत न्हाई." शीळ तर पुन्हा कधीच ऐकू आली नाही.

मी एमएला असताना महाग मजुरीचा सिद्धांत पहिल्यांदा वाचला आणि मला वाटलं, सापडलं! शनिवारी एसटीनं घरी आले आणि चप्पल काढता काढता आबांना सांगायला लागले. तुमची मशीन वाईट नव्हती, तुमची जागा चुकली. घरची बाई राबते ती फुकट, मग मशीन घेणार कोण? त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या खेपेला मी विजेचं कारण काढलं: इंग्लंडला पायाखाली कोळसा होता, तुम्हाला दिवसाची लाइट तरी होती का? मग कायद्याचं काढलं. मग कारागिरांचं. माझा सगळा अभ्यासक्रम मी त्या एका माणसाला बरं वाटावं म्हणून पालथा घातला, असं आज वाटतं. ते शेवटी म्हणाले, "पोरी, तुझी पुस्तकं खरी असतील. पर मी डोळ्यानं बघितलंय. साल निघत व्हती."

दोन वर्षांपूर्वी आबा गेले. आजारपणात एकदा खिडकीतून कोंबड्यांकडे बघत म्हणाले होते, "तेवढं एक जमलं असतं तर." मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

यंदा हळद निघाली आणि मोडायला कुणी मिळेना. पैऱ्यातल्या बाया म्हाताऱ्या झाल्या, काही गेल्या. त्यांच्या सुना सकाळी डबा घेऊन कामावर जातात. पैरा कधी बंद पडला ते कुणालाही नक्की सांगता येत नाही. मग भावानं भाड्याची मशीन मागवली. ट्रॅक्टरमागून आली. सळ्यांचा पिंजरा, आतून रबर. लाल रंग सोडला तर ती आबांचीच होती. मी आईकडे वळले.

आई पालथ्या घमेल्यावर बसली होती. मशीनमधून पडलेली हळकुंडं ती एकेक उचलून, पदरानं पुसून, डोळ्यांजवळ धरून बघत होती. बराच वेळ. मग म्हणाली, "एकाचीबी साल न्हाई निघाली."

"आता मशीनी सुधारल्यात, आई."

"न्हाई गं. त्यांच्याबी मशीनीत निघत नव्हती." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मी दगडावर घासली व्हती."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी ओरडले. सत्तरी ओलांडलेल्या आईवर, रानात, ट्रॅक्टरवाल्यासमोर ओरडले. का? का केलंस?

"तू झालीस तवा ह्ये हिकडं नव्हतं, फौजेत व्हतं," ती म्हणाली. "मी बाळंतीण. रानात हळद पडल्याली. गल्लीतल्या बाया आल्या आन् सगळी मोडून गेल्या. त्यांचा दिस फेडत फेडत माझं आयुष्य गेलं, आन् त्यांचं माझा फेडत. मशीन आली की मी त्यांस्नी बोलावनार न्हाई. मी बोलावलं न्हाई तर त्याबी मला बोलावनार न्हाईत. मग मला कोन इचारनार? ह्यांनी हात बघितलं माझं. बाकीचं बघितलं न्हाई."

"मग तसं सांगायचं त्यांना."

"सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. मशीनीला नावं ठेवली की ऐकायचं." तिनं नाक पुसलं. "मला वाटलं, दुसरं कायतरी बनवत्याल. मानूसच बसंल, असं वाटलं नव्हतं."

मला राग येत राहिला आणि त्या रागाला कुठं ठेवावं ते समजेना. बाळंतपणात तिच्या मदतीला होत्या त्या गल्लीतल्या बाया, आबा नव्हते, आणि मी तर त्याच बायांच्या हातांत जगले. पण शीळ घालणारा माझा बापही मला हवा होता. दोन्ही एकाच घरात मावलं असतं, एवढंच मला वाटत राहिलं. आईनं एकदा नीट सांगितलं असतं, आबांनी एकदा नीट विचारलं असतं.

माझ्या फळ्यावर चार कारणं असतात. घासलेल्या हळकुंडांचं एकही नाही.

ट्रॅक्टर निघून गेल्यावर आई म्हणाली, "तू वर्गात त्यांच्या मशीनीचं सांगतीस न्हवं?" तिला हे कुठून कळलं होतं कोण जाणे.

"सांगते."

"पोरं हसत्यात?"

मी खाली सांडलेली हळकुंडं गोळा करायला लागले.

"मग आता नीट सांग. मशीन चांगली व्हती म्हनावं."

त्यानंतर तो धडा एकदा येऊन गेला. मी मजुरी सांगितली, कोळसा सांगितला, पिंजऱ्यातल्या कोंबड्यांपाशी येऊन थांबले आणि तास संपेपर्यंत पुस्तकातलं वाचून दाखवलं. वर्गात ते माझ्याच्यानं बोलवलं नाही. म्हणून इथं लिहिते. मशीन चांगली होती.