चुकल्यावर गप्प बसणारं यंत्र

मुलाने अट घातली तेव्हा मी भेंडी चिरत होते आणि फोन ताटलीशेजारी स्पीकरवर ठेवला होता. अट अशी की नेरूळहून तळोज्याला, माझ्या जुन्या शेजारणीकडे, एकटीने गाडी चालवत जायचं आणि परत यायचं. वाटेत कुणालाही फोन करून रस्ता विचारायचा नाही. जमलं तर गाडी राहील. नाही जमलं तर आमच्याच सोसायटीतले एक गृहस्थ रविवारी येऊन गाडी बघणार होते, आणि पसंत पडली तर घेऊन जाणार होते.

"आई, तुला रस्ते कधी कळलेत का? खरं सांग," तो बंगळूरहून म्हणाला.

खरं सांगायचं तर नाही. ह्यांनी अठ्ठावीस वर्षं तळोज्याच्या कारखान्यात नोकरी केली. कंपनीची बस सकाळी नाक्यावर यायची आणि संध्याकाळी तिथेच सोडायची. ती बस कुठल्या बाजूला तोंड करून जाते, हे मी अठ्ठावीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. डबा हातात दिला की माझं काम संपलं, अशी माझी समजूत.

पण गाडी मला हवी होती. ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून माझं दिवसभराचं बोलणं म्हणजे दूधवाल्याला "एकच पिशवी" आणि लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर "बरंय". दर बुधवारी मी खाली उतरायचे, गाडीची काच पुसायचे, इंजिन चालू करून दहा मिनिटं आत बसायचे. बॅटरी उतरू नये म्हणून, असं मी वॉचमनला सांगत असे. गाडी गेली असती तर बुधवारी खाली उतरायला काही कारण उरलं नसतं, आणि मला वाटतं मग मी उतरलेही नसते.

"बेलापूरहून मेट्रो जाते की," मुलगा म्हणाला.

"मेट्रो मला चालवावी लागत नाही, म्हणून ती तुला आवडते," मी म्हटलं.

फोनमधला नकाशा मी वापरून पाहिला होता. उरण फाट्याजवळ ऐन मोक्याला कुठल्याशा बाईचा फोन आला आणि नकाशावर तिचा नंबर पसरला. मॅडम, आपल्याला पर्सनल लोन हवंय का? ती बाई नकाशावरून उठेपर्यंत मी कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगेत शिरले होते. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, आणि मध्ये माझी टिकलीएवढी गाडी. त्या दिवशी मुलाला फोन करून रडले, हीच माझी चूक झाली. ही अट त्यातूनच निघाली.

म्हणून मी ठरवलं की ज्याला फोन येत नाहीत असं, फक्त रस्ता दाखवणारं वेगळं यंत्र घ्यायचं. स्वस्त, चष्म्याशिवाय दिसेल असं, आणि एका बोटाने चालणारं. वाशीला गाड्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथे मी रिक्षाने गेले. रस्ता दाखवणारं यंत्र आणायला जायचा रस्ता मला कुठे येत होता?

दुकानदार साठीचा, पांढरी दाढी, मूळचा मुरूडकडचा. त्याने मला आधी स्टूल दिलं आणि मग समजावलं.

"मावशी, आता हे कोन घेतं? सगल्यांचं फोनवरच भागतं."

"माझ्या फोनवर कर्ज देणाऱ्या बायका येऊन बसतात."

"सायलेंट करा की."

"सायलेंट केलं तर मुलगा म्हणतो, आई फोन का उचलत नाहीस."

हे त्याला पटलं. त्याने कपाटातून तीन खोकी काढली. पहिल्यात पुढचा-मागचा कॅमेरा, गाणी, हवामान, काय काय होतं. त्याचा पडदा माझ्या पोळपाटाएवढा, आणि किंमत ऐकून मी ते स्वतःच्या हाताने परत खोक्यात घातलं. दुसरं मधलं. तिसरं जुना माल, कडेला धूळ बसलेलं, पण अक्षरं ठळक आणि बटणं मोजून चार.

"तिन्ही रस्ता बरोबरच दाखवतात," तो म्हणाला.

"बरोबर कसं दाखवतात ते नकोय मला. मी चुकले की काय करतात, ते बघायचंय."

मग शेजारच्या दुकानदाराला "जरा लक्ष ठेव रे" असं ओरडून त्याने स्वतःची गाडी काढली आणि तिन्ही यंत्रं काचेला चिकटवली. मी त्याच्या शेजारी बसले. तिघांनाही त्याने सेक्टरच्या टोकाचा पेट्रोल पंप सांगितला. चौक आला तशी तिन्ही एकदम बोलू लागली. एक इंग्रजीत, एक हिंदीत, आणि तिसरं मराठीत, शाळेतल्या बाईंच्या आवाजात. डावीकडे वळा.

"उजवीकडे घ्या," मी म्हटलं.

"मावशी, ते डावीकडे बोलतात."

"म्हणूनच."

त्याने उजवीकडे घेतली. महागाचं नुसतं टुंग वाजलं आणि त्याने दुसरा रस्ता आखला, जणू मी चुकलेच नव्हते. मधलं जे सुरू झालं ते थांबेना. यू-टर्न लीजिए, यू-टर्न लीजिए. मला माझ्या सासूबाई आठवल्या. आणि ते धुळकट तिसरं एकदम गप्प झालं. पडदा तसाच, बाण तसाच. मी मनात आकडे मोजू लागले. अकरावर आले तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, पुढे तीनशे मीटरवर डावीकडे वळा.

"स्लो हाय ते," दुकानदार ओशाळून म्हणाला. "जुना मॉडेल. नवे रस्ते पन नसतील त्याच्यात."

"हेच द्या."

त्याला कारण सांगितलं नाही. इथे सांगते.

आमची पहिली गाडी सेकंडहँड होती. तिच्यात मी डावीकडच्या सीटवर नकाशा घेऊन बसायचे. त्या बाईची, म्हणजे तेव्हाच्या माझी, काय ऐट होती! गॉगल काय, मांडीवर नकाशा काय. नकाशा बहुतेक वेळा उलटा. तोंडाचा पट्टा अखंड सुरू, आणि वळण मागे गेलं की ओरडायचं, "अहो, ते होतं डावीकडचं!" एकदा साताऱ्याला जाताना एक देऊळ बघून मी छातीठोकपणे सांगितलं की इथून वळा, हेच ते देऊळ. महाराष्ट्रात तसलं देऊळ एकच असावं अशी माझी खात्री. रस्ता वीटभट्टीत जाऊन संपला. समोर कच्च्या विटांची रास आणि रासेवर बसलेलं एक कुत्रं.

ह्यांनी इंजिन बंद केलं आणि गप्प बसले. मला ती शांतता सोसेना. आधी मी देवळाला दोष दिला, मग नकाशा छापणाऱ्याला, मग ह्यांच्या आईला. शेवटी ओरडले, "बोला की काहीतरी! शिव्या द्या, पण बोला!"

बराच वेळ गेला. मग हे म्हणाले, "पुढं कुठं चहा मिळतोय का बघू." आणि गाडी मागे घेतली.

ते रागावून गप्प आहेत, असं ती गॉगलवाली पुढे कितीतरी वर्षं धरून चालली. माहेरी सांगायची, "घुमे आहेत हो." ते गप्प बसून फक्त दुसरा रस्ता शोधत असायचे, हे मला कधी कळलं म्हणाल, तर वाशीत, परक्या माणसाच्या गाडीत, आकडे मोजताना. आता ते कुणाला सांगू?

शुक्रवारी सकाळी निघाले. शेजारच्या सीटवर नारळाच्या वड्यांचा डबा ठेवला आणि त्याला पट्टा लावला. शेजारणीला कळवलं नव्हतं. फोन करायचा नाही ही अट मी जरा जास्तच मनावर घेतली होती, आणि तिला चकित करायचीही हौस होती. उरण फाट्याला मी पुन्हा चुकले. अगदी त्याच ठिकाणी, चुकीच्या लेनमध्ये. समोर तेच ट्रेलर. फोन पर्समध्ये होता आणि हात तिकडे गेलाही. बाई गप्प झाल्या होत्या. मी मोजू लागले. नऊ, दहा, अकरा. पुढे यू-टर्न आहे, बाई म्हणाल्या, एकदाच. मी तो घेतला.

बेलापूर मागे पडलं, खारघरमध्ये मेट्रो डोक्यावरून निघून गेली. एक कबूल करते, तिथे एका चौकात मी मुद्दाम चुकले. बाईंना गप्प बसवायला आणि पुन्हा बोलताना ऐकायला. त्या वयात अंगात नव्हता तो शहाणपणा आता येईल असं समजू नका.

तळोज्यात मात्र पडद्यावरचा रस्ताच संपला. बाण हिरव्या रंगात, मोकळ्या गवतातून चालला होता आणि माझ्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मजले उभे होते. बाईंना ते मजले माहीतच नव्हते. भाजी घेऊन बसलेल्या एका म्हातारीला काच खाली करून विचारलं. फोनवर विचारायचं नव्हतं, तोंडाने विचारायला मनाई नव्हती.

"यो पिवला टावर दिसते ना, त्याचे मागं हाय," ती म्हणाली. आणि विचारलं, "एकलीच आयलीस?"

"एकलीच," मी म्हटलं.

चौदाव्या मजल्यावर शेजारणीच्या दाराला कुलूप होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या सूनबाईंनी दार किलकिलं केलं. "त्या मंगळवारीच मुलीकडे गेल्या, आजी. महिनाभर तरी नाही येणार. फोन करून यायचं ना!" मग आत कुकरची शिट्टी झाली आणि दार लागलं.

जिन्याच्या पायरीवर बसून मी दोन वड्या खाल्ल्या. डब्यावरची नावाची पट्टी खरवडली, कारण त्यावर मी शेजारणीचं नाव लिहिलं होतं. एवढ्या मोठ्या इमारतीत मी आल्याचं कुणालाच कळणार नव्हतं. ती गॉगलवाली असती तर दारासमोर फोटो काढून घेतला असता. मला तेही सुचलं नाही.

खाली येऊन यंत्रावरचं घराचं बटण दाबलं. घराचा पत्ता त्या दुकानदाराने घालून दिला होता.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "पोचलीस का? काय म्हणाल्या काकू?"

खोटं तयार होतं. तिने पोहे केले, कोथिंबीर भरपूर, तुझी चौकशी केली. जिभेवर आलंही होतं.

"पोचले," मी म्हटलं. "दाराला कुलूप होतं. मला कुणी बघितलं नाही. उरण फाट्याला परत चुकले होते. पण फोन नाही केला कुणाला. आले मग घरी."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. पूर्वीची मी असते तर लगेच सुरू झाले असते: यंत्र जुनं होतं, पाट्या नीट लावत नाहीत, तुझ्या बाबांनी मला कधी रस्ते शिकवलेच नाहीत. तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मोजायला लागले. सात. आठ. फोन कट झाला की काय, बघितलं. चालू होता. तेरापर्यंत गेले.

"मग रविवारी त्यांना येऊ नका म्हणून कळवतो," तो म्हणाला. थोडं थांबून पुढे म्हणाला, "पीयूसी कधी संपतंय ते बघून ठेव."

कागद गाडीतच होता. चावी घेतली आणि खाली गेले.